लाईट न जाण्याचा दिवस

आमच्या नणंदबाई, म्हणजे प्रतिभाताई, नाशिकच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. पुण्याहून इकडे कायमच्या आलात का, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, वर्षभरासाठी आलेय. हे उत्तर त्यांनी १९९६ साली दिलं आणि २००३ सालीही तेच देत होत्या. जन्म इथलाच, मखमलाबादच्या आमच्या फुलांच्या मळ्यातला, पण जीव सगळा पुण्याच्या प्रयोगशाळेत अडकलेला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, तिकडे कुणीतरी असणार. होतंही, पण ते एक यंत्र निघालं.

सासरे अचानक गेले म्हणून ताई संशोधन अर्धवट टाकून घरी आल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ महेश, म्हणजे माझा नवरा, मळा बघू लागला. सासूबाई सखुबाई पंचवटीत फुलांचं दुकान सांभाळू लागल्या. आणि घराला हवा होता तो पगार ताईंनी आणला. निघताना तिथल्या मार्गदर्शक सरांनी त्यांना एक शब्द दिला होता. स्वतःच्या हातची एक फिल्म चालवून दाखव, मी तुला परत घेतो. आता, २००३ च्या डिसेंबरात, ते सर निवृत्त होणार होते.

फिल्म म्हणजे काचेच्या पट्टीवर धातूचे थर, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके पातळ. कोबाल्ट, मग तांबं, वर पुन्हा कोबाल्ट. इलेक्ट्रॉनला म्हणे स्पिन असतो, वर नाहीतर खाली. दोन्ही कोबाल्टचं चुंबकत्व एका दिशेला असलं तर जुळत्या स्पिनचे इलेक्ट्रॉन सरळ पार होतात, विरुद्ध असलं तर सगळेच कुठे ना कुठे अडखळतात. जोरदार चुंबक लावला की दोन्ही थर एका दिशेला वळतात आणि वीज सहज वाहते. मी याला सिंहस्थातला एकेरी रस्ता म्हणायचे. ताईंना ते फारसं पटत नसे, पण चालवून घेत.

हे थर बसवायचे तर बंद भांड्यातली हवा दिवसभर पंपाने ओढत राहावी लागते. कॉलेजातलं एक जुनं यंत्र ताईंनी खटपट करून सुरू केलं होतं. पण दुपारी लाईट जायचीच. लाईट गेली की पंप बंद, हवा आत, कोबाल्ट खराब. जनरेटर मागितला तर कॉलेज म्हणालं, आधी वर्गातले पंखे होऊ देत.

सिंहस्थ आला आणि ताईंच्या लक्षात आलं की शाहीस्नानाच्या दिवशी लाईट जात नाही. पहिल्या दोन स्नानांना कॉलेजात बंदोबस्ताचे पोलीस उतरलेले होते. शेवटच्या स्नानाला इमारत मोकळी मिळाली. नेमका आमच्या दुकानाचाही तोच दिवस. असा धंदा बारा वर्षांनी येतो, घरातला एक हात कमी पडता कामा नये, असं सासूबाईंनी बजावलं होतं. ताई पहाटेच उपाशीपोटी निघून गेल्या. सासूबाई चिडल्या, आणि चिडूनच डबा भरून माझ्या हातात दिला. देऊन लगेच माघारी ये, म्हणाल्या.

मी पोचले तर ताई रडकुंडीला आलेल्या. पंप थंड ठेवायला सतत पाणी लागतं, आणि सुट्टी म्हणून कॉलेजची टाकी कुणी भरलीच नव्हती. लाईट होती, पाणी नव्हतं. मागच्या अंगणात हापसा होता. मी पदर खोचला. मी हापसायचं, ताईंनी बादल्या पिंपात ओतायच्या आणि मधूनच धावत जाऊन यंत्रावरचा हवेच्या दाबाचा काटा बघायचा, असं दिवसभर चाललं. दुकान मी विसरले नव्हते. आठवत होतं, तरी पाय निघत नव्हता, कारण इतक्या वर्षांत ताईंना मी असं हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पट्टी बाहेर निघाली. ताईंनी तारा जोडल्या, चुंबक चालू केला. मीटरवरचा आकडा, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरला. बंद केला, चढला. पुन्हा चालू केला, पुन्हा उतरला. त्यांनी माझा हात एवढा दाबला की हापशाने आलेले फोड ठणकले. मी तो सोडवून घेतला नाही.

घरी महेशने न खपलेल्या झेंडूवरून तोंड सोडलं. सासूबाईंनी त्याला गप्प केलं आणि मला विचारलं, "निघाली का तिची काच?"

"निघाली."

"मंग झालं तर."

पुढच्या आठवड्यात ताई पट्टी कापसात गुंडाळून पुण्याला गेल्या. सरांनी तपासली, खूष झाले, आणि मग विचारलं, दुसरी कुठे आहे? एकदा निघाली तो योग असेल. पुन्हा तशीच निघाली तर तुला ती जमली म्हणायची. डिसेंबरपर्यंत मी आहे, घेऊन ये.

मला सरांचा संताप आला. बारा वर्षांनी येणारा दिवस डिसेंबरच्या आत आणायचा कुठून, असं मी ताईंना म्हटलंही.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मनीषा, बरोबर विचारलं त्यांनी. मीही हेच विचारलं असतं." मग खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

डिसेंबर गेला, सर निवृत्त झाले, आणि पुढच्या वर्षांत लाईट पूर्वीपेक्षाही जास्त जाऊ लागली. आता दुसरी काढून दाखवायची कुणाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, मला बघायचीय. ती अजून निघालेली नाही. वर्षभरासाठी आलेय, असं मात्र त्या आता म्हणत नाहीत.

एखाद्या रविवारी सकाळपासून लाईट टिकते. सासूबाईंना स्पिनमधलं ओ की ठो कळत नाही, पण हार ओवता ओवता त्यांचा डोळा बल्बवर असतो.

"प्रतिभा," त्या हाक मारतात, "आज लाईट नाय गेली गं अजून."

तोवर ताईंनी चपला घातलेल्या असतात, आणि मी पदर खोचून दारात उभी असते.