गयामावशींचा हात

गयामावशींनी माझ्या डोळ्यांदेखत तीन मोबाइल वरवंट्याने फोडले होते. लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या आम्हा चाळीस मुलींच्या हॉस्टेलच्या त्या रेक्टर. उशिरा उठलं, फटका. ताटात भाकर टाकली, फटका. "माझा जिभेआधी हात चालतो गं," असं स्वतःच सांगायच्या. आमचे आईबाप त्यांच्यावर खूश असत.

चौथा मोबाइल माझा. रविवारी दुपारी पकडला. मावशींनी वरवंटा उचलला, पडद्याकडे नजर गेली आणि हात तसाच राहिला. लांब कानांचं एक पिल्लू झुडपाआडून बघत होतं.

"हे काय खेळायलीस?"

"प्राण्यांशी दोस्ती करायचा गेम आहे, मावशी. शेत करायचं, घर बांधायचं, जनावरं आपलीशी करायची."

"अन् मारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग जिंकत्यात कसं?"

मावशींनी वरवंटा खाली ठेवला. त्या शेजारी टेकल्या. मी नवा खेळ सुरू करून दिला. खेळाने नाव विचारलं, त्यांनी 'मंगल' सांगितलं. जमीन नांगरून गाजरं लावणं लगेच जमलं. पिल्लू मात्र जमेना. बोट दाबून त्या थेट त्याच्या अंगावर जात आणि ते पळून जाई. "थांब की, मुडद्या!" त्या ओरडत. मी म्हटलं, "गाजर ठेवा अन् मागं सरा. नुसतं थांबायचं." चौथ्या खेपेला पिल्लू आलं, गाजर खाऊन पायाशी बसलं. मावशींनी बोट पडद्यावरून उचललं.

"मंगल माझी लेक," त्या म्हणाल्या. "सात वर्षांची. माझ्या बहिणीच्या पत्र्याच्या घरी झोपायला जाते म्हणून हट्ट धरला. मी थोबाडलं, केसाला धरून ओढत घरी आणलं. त्याच रात्री भूकंप झाला. आमचं घर दगडामातीचं. पत्र्याखालचं कुणीच गेलं न्हाई. ढिगाऱ्यातनं काढली तवा गालावर माझी बोटं तशीच होती."

"मग मावशी, आम्हाला का मारता?"

"दुसरं काई येतच न्हाई या हाताला."

त्यानंतर दर रविवारी तासभर त्या माझ्याकडून मोबाइल मागून घेत. मार थांबला नाही. मोबाइल फोडणं तेवढं थांबलं.

पुढे एका टेस्टचे मार्क लागले आणि माझ्या खोलीतल्या सुजाताचे वडील सकाळीच येऊन धडकले. त्यांनी कमरेचा पट्टा काढला. सुजाता कॉटखाली शिरली, तर पायाला धरून बाहेर ओढली. बकल कपाळावर बसलं, रक्ताने डोळा भरला. मी किंचाळत जिन्याकडे धावले. मावशी आल्या, हवेतला पट्टा पकडून हिसकावला आणि त्याच पट्ट्याने त्या माणसाला झोडपून काढलं. तो पडला तरी थांबेनात. त्याचे दोन दात फरशीवर पडले. "पोर हाय ती! पोर!" प्रत्येक फटक्याला एवढंच. शेवटी आम्ही सहा जणींनी त्यांना मागे ओढलं.

सुजाता बापाला कवटाळून ओरडली, "नका मारू त्यांना! जा तुम्ही इथनं!"

मावशींच्या हातातून पट्टा गळाला.

दुपारी हॉस्टेलच्या मालकाने मावशींना काढून टाकलं. तरी त्या फाटकाबाहेर बसून राहिल्या. त्यांनीच फोन करून बोलावलेली सुजाताची आई मुखेडहून आली आणि लेकीला घेऊन हिमायतनगरला भावाकडे निघाली, तेव्हा कुठे उठल्या. मी मोबाइल पुढे केला.

"नको गं," त्या म्हणाल्या. "अभ्यास कर."

दुसऱ्या वर्षी त्या आपल्या पुनर्वसित गावात वारल्या. सुजाताला कळवायला मी फोन केला.

"त्या आल्या नसत्या तर मी त्या दिवशी मेले असते," ती म्हणाली. "पण माझ्या बापाच्या तोंडातलं रक्त मी माझ्या ओढणीनं पुसलंय. ते मी कसं विसरू?"