जर्मनमध्ये दिलेलं उत्तर

मास्टर्सला जर्मनीत जायचं तर जर्मन किती यायला हवं, या साध्या प्रश्नाचं साधं उत्तर मला वर्षभर मिळालं नाही. एक विद्यापीठ म्हणे इंग्रजी पुरे. दुसरं म्हणे बी-टू, म्हणजे चारचौघांत न अडखळता बोलता येईल इतकं तरी हवंच. तिसरं म्हणे शिकवणार इंग्रजीतच, पण प्रवेशाला जर्मनचा दाखला लागेल. कशासाठी, ते त्यांच्या वेबसाइटवर नाही. माझा विषय भाजीपाला काढणीनंतर टिकवण्याचा, आणि तो हवा तसा शिकवणारं विद्यापीठ नेमकं हे तिसरं निघालं. मग बसले घोकत.

कॉलेज रोडवरच्या क्लासच्या मॅडम म्हणाल्या, लिहिणं ठीक आहे, तोंडीत अडकशील. घरी कुणाला तरी प्रश्न विचारायला बसव. घरी! मखमलाबादला आमच्या घरी जर्मन कुणाला येणार? वडील म्हणाले, "मी इचारतो की. वाचायचंच हाय ना?" दहावीनंतर त्यांना कुणी मोठ्यानं वाचायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे हौस दांडगी. मी वहीत पंचवीस प्रश्न देवनागरीत लिहून दिले.

दुपारी कोथिंबीर काढून आणली की शेडमध्ये बसून आम्ही तिघं संध्याकाळच्या लिलावासाठी जुड्या बांधायचो. वही वडिलांच्या मांडीवर. ग्रामसभेत ठराव वाचावा तसा ते खणखणीत प्रश्न वाचायचे, मी जुडी बांधता बांधता उत्तर द्यायचे, ते "शाब्बास" म्हणायचे. उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. आई दर वेळी हसायची.

सातवा प्रश्न होता, तुम्हाला जर्मनीत का शिकायचंय? त्याचं मॅडमनी बसवून दिलेलं गोडगोड उत्तर मला तोंडपाठ होतं. एक दिवस त्याचा इतका वैताग आला की मी भलतंच बोलून गेले. म्हटलं, मला जायचं नाही. आईची बोटं दुखतात. मला इथली सकाळ आवडते. माझं जर्मन तोडकंमोडकं, त्यामुळे वाक्यंही एवढुशी. 'पण', 'तरी', 'तसं नाही हो' असली सारवासारव जमेचना. "शाब्बास," वडील म्हणाले. मला हसू यायला हवं होतं. आलं रडू, आणि हलकंही वाटलं.

मग ती सवयच लागली. रोज दुपारी मी वडिलांना सांगायचे की मला जायचं नाही, आणि रोज ते शाबासकी द्यायचे. संध्याकाळी मावशीचा फोन आला की तिला मराठीत सांगायचे, "कधी एकदा जाते असं झालंय." तेही खोटं नव्हतं. सगळा घोळ तिथंच होता. दोन्ही बोलताना मी मनापासून बोलत होते, आणि यातली खोटारडी कोणती, हे मलाच सांगता येत नव्हतं.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा एक दिवस वडील सहाव्यावरून थेट आठव्यावर गेले. मी म्हटलं, मधला एक राहिला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बाकीच्याला तू माझ्याकडं बघून बोलती. त्याला खाली बघती. व्यापाऱ्याला भाव पाडायचा असला ना, का तो मालाकडं बघतो, माणसाकडं नाय. काय सांगती गं तू तिथं?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "सांगते, की जायचं नाही."

आईचे हात थांबले. वडिलांनी हातातली जुडी मात्र पुरती बांधली. "मंग आपल्या भाषेत का नाय सांगितलं?"

"तुम्हाला कळलं असतं, पप्पा."

हे किती विचित्र आहे ते बोलून झाल्यावर समजलं. वडील चिडले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आता कळलं. खरं सांग, जायचंय का नाय?"

"जायचंय," मी म्हटलं, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. "पण घरात, गावात, जो तो नुसतं जा जा म्हणतोय. नको जाऊ, असं एकदा तरी कुणी म्हणावं की!"

आई निवडलेली कोथिंबीर उगाच परत निवडू लागली. मग वडील म्हणाले, "नको जाऊ." प्रश्न वाचायचे त्याच खणखणीत आवाजात, पण खाली जुड्यांकडे बघत.

परीक्षा पास झाले, व्हिसाही आला. निघायला तीन आठवडे उरलेत. त्या दुपारी ते 'नको जाऊ' मनापासून म्हणाले की मी मागितलं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. रोज ठरवते, आज विचारायचंच. त्यांच्यासमोर जाऊन बसते आणि विचारते, "पप्पा, आज लिलावाला गाडी किती वाजता काढायची?"