मामांचं मनन

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. आम्ही नगरकडून वाशीला राहायला आलो होतो. नवऱ्याला महाप्याला एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि सासूबाई गेल्यापासून सासरेही आमच्याजवळच असायचे. मी त्यांना मामा म्हणायचे. गावच्या शाळेत त्यांनी सगळा जन्म शिकवण्यात घातला होता. आवाज खणखणीत, आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये ते प्रार्थना करायला लागले की खालच्या मजल्यावरचे लोक रेडिओ बारीक करायचे.

माझ्या माहेरी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं तर रोज एक अख्खा अध्याय, भराभर, आणि मग चहा. मामांची रीत वेगळी होती. ते सकाळी एकच वचन, एखादीच ओळ, वाचत आणि पुस्तक मिटून टाकत.

"एवढंच?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"वाचणं म्हणजे नुसता घास तोंडात घालणं, पोरी. चावायला अख्खा दिवस पडलाय."

संध्याकाळी मी भाजी निवडत असले की ते समोर येऊन बसत आणि विचारत, "आज वचन कुठं भेटलं?" सुरुवातीला मला हसू यायचं. पण मग खरंच भेटायला लागलं. रॉकेलच्या रांगेत एका बाईनं मला पुढं घेतलं तेव्हा, नळाला पाणी नव्हतं म्हणून मी शेजारणीवर उगाच खेकसले तेव्हा. मी सांगायचे, ते मान डोलवायचे. कधी म्हणायचे, "मला आज नाही भेटलं. उद्या बघू." त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नसे.

मग एका सकाळी दाढी करताना ते मोरीतच कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता: "नको."

चहा पुढं केला की नको, आणि लगेच तोंड उघडायचे. कूस बदलू का? नको. खिडकी लावू? नको. उघडी ठेवू? नको. डोळ्यांत मात्र सगळं दिसायचं, की त्यांना म्हणायचं आहे भलतंच आणि बाहेर पडतंय हे. कधीकधी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचे. मी हात धरायचे. याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

नवरा कामावरून आला की अंगाला येणारा रसायनांचा वास धुऊन टाकायचा आणि त्यांच्या उशाशी बसून वाचायचा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे मेंढपाळाचं स्तोत्र, बरं होण्याची वचनं, आजाऱ्यांना उठवल्याच्या गोष्टी. दोन ओळी होत नाहीत तोच मामा म्हणायचे, "नको. नको." आणि तोंड भिंतीकडं फिरवायचे.

एकदा नवरा स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"माझ्या बापाचा विश्वास गेला की काय गं?"

"अहो, ते चहालाही नकोच म्हणतात."

"चहा पितात पण. हे ऐकत नाहीत."

मी त्यांच्या चहाची कपबशी विसळायला घेतली.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. रविवारची भक्ती तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. ती आटोपून सायकलवरून थेट आमच्याकडं. त्यांनी मामांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठी प्रार्थना केली, धीर दिला. मामा त्यांच्याकडं बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "प्रभू त्यांच्याशी बोलतोय," पाळकसाहेब म्हणाले. असेल. मला ते रडणं तसं वाटलं नव्हतं.

नवरा वाचायचा थांबला. मग सकाळी तो गेल्यावर मी बसायला लागले. काय वाचावं ते कळेना, म्हणून स्तोत्रं पहिल्यापासून ओळीनं घेतली. नको, नको, करत आम्ही पुढं सरकत होतो. असं करत ते एक स्तोत्र आलं. मी ते आधी कधी धड वाचलंच नव्हतं, भक्तीत कुणी वाचल्याचंही आठवत नव्हतं. बाकीच्यांत शेवटी कुठंतरी उजाडतं. यात शेवटपर्यंत अंधारच. बोलणारा देवाला म्हणतो की मी कोंडला गेलोय, मला बाहेर पडता येत नाही.

मामा गप्प होते. मी वर बघितलं. ते माझ्याकडं टक लावून बघत होते. शेवटची ओळ झाली आणि मी पान उलटायला गेले, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

संध्याकाळी नवऱ्यासमोर तेच वाचलं तर तो उठून उभाच राहिला. "असलं कशाला वाचतेस आजारी माणसाला?"

"तुम्ही त्यांच्याकडं बघा."

त्यानं बघितलं आणि तो खाली बसला. नंतर त्यानंच पुस्तक माझ्या हातातून घेतलं. शेवटपर्यंत वाचलं.

त्यानंतर आम्ही रोज तेच वाचायचो. 'मी कोंडला गेलोय' ही ओळ दिवसभर माझ्याबरोबर असायची. चादरी पिळताना, त्यांना भरवताना. मामांना त्यातून दिलासा मिळायचा की नुसतं कुणीतरी आपलं म्हणणं म्हटल्याचं समाधान, की थकून ते गप्प बसायचे, हे मला आजही सांगता येणार नाही. प्रकृती काही सुधारली नाही. उन्हाळ्यात एका दुपारी, मी पेज गार करत असताना, ते गेले.

आम्ही त्यांना टेम्पोतून गावी नेलं. दफनाच्या वेळी गावच्या पाळकांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. लोकांनी डोळे पुसले. ते वाचू नका, असं मला म्हणायचं होतं. पण इतक्या माणसांत, सुनेनं, कसं म्हणणार? मी नवऱ्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. पाळकांच्या शब्दांशी ते जुळत नव्हते.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्याच्याबरोबर हळूच म्हणायला लागले.