नाक्यावरचे खडे

सलग आठ दिवस वलगावपलीकडच्या त्या गावापुढे मी ‘मृत्यू नाही’ असं लिहीत होतो, आणि सर्जनसाहेब माझ्यावर खूश होते.

मी तेव्हा अमरावतीच्या एका डिस्पेन्सरीत नेटिव्ह डॉक्टर होतो. म्हणजे काम डॉक्टरचं आणि खुर्ची व्हरांड्यात. कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे कॅम्पात गोऱ्या व्यापाऱ्यांचे बंगले उठले होते. त्यातच उन्हाळ्यात पटकी आली. जुलाब-वांत्यांनी अंगातलं पाणी जातं आणि सकाळी हिंडणारा माणूस संध्याकाळी उरत नाही, ती पटकी.

गावातल्या मृत्यूंची खबर आणायची ती वेसकराने, म्हणजे वेशीवरच्या राखणदार महाराने. त्या गावचा वेसकर धोंडू. रोज सकाळी डिस्पेन्सरीसमोरच्या कडुलिंबाखाली उभा राहून तो मेलेल्यांची नावं सांगायचा, मी लिहून घ्यायचो.

मग साहेबांची ऑर्डर निघाली. हे काळे लोकच रोग घेऊन फिरतात, त्यातून महार तर कॅम्पाच्या नाक्याच्या आत नकोतच. कापसाच्या गाड्या मात्र त्याच गावातून, त्याच नाक्यावरून येत राहिल्या. ऑर्डरचं मराठी मीच सुवाच्य अक्षरात केलं. मग खबर कोण आणणार, हे साहेबांना सुचलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून धोंडू आला नाही. माझा रकाना कोरा, म्हणून मी ‘मृत्यू नाही’ लिहायला लागलो. साहेब म्हणाले, तिथला रोग संपला, त्यांचं औषध कॅम्पात ठेवा. मी ठेवलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

नवव्या दिवशी एक गाडीवान सहज बोलून गेला की त्या गावात धूर दिसत नाही. मी दमणीला बैल जुंपायला लावले.

नाक्यावर बाभळीखाली खडे मांडलेले दिसले. सरळ ओळीत, नीट. शिपायाला विचारलं.

“एक बुढा मांडते. मी पायानं उडवतो, थो दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा मांडते. काईतरी सांगाले पाहे, मी हाकलून देल्लं. दोन दिवस झाले, आला नाई, मंग हे उडवाचे राह्यले.”

गाव रिकामं होतं. पटकीत लोक शेतात जाऊन राहतात, त्यात नवल नाही. पण विहिरीपासून वीस पावलांवर महारवाड्यातली माणसं ओळीने बसली होती, पुढ्यात रिकामी मडकी. विहीर भरलेली, काठावर दोर आणि डोल. माझी दमणी आली तरी एकही मान वळली नाही. ओळीतल्या दोघांच्या डोळ्यांवर माशा बसल्या होत्या आणि ते हाकलत नव्हते.

त्यांनी विहिरीला शिवायचं नाही, कोणी शेंदून वरून ओतेल तेव्हा घ्यायचं, अशी तिथली रीत. ओतणारे शेतात निघून गेले होते. इतके दिवस ही माणसं नाल्याच्या डबक्यातलं पाणी पीत होती, त्यात आजाऱ्यांचे कपडेही धुतले जात.

“हात लावला तं पाटील घरं जाळीन म्हने,” एक बाई म्हणाली. ती धोंडूची बायको.

मी शेंदायला लागलो. माझ्या जातीला त्या विहिरीवर मज्जाव नव्हता, एवढंच माझं शौर्य. औषध कॅम्पात होतं. धोंडू कुठे आहे, असं विचारलं.

“परवा पटकीनं गेला. मी म्हनलं, ते आत येऊ देत नाईत, कावून जाता रोज? तं म्हने, डाक्टरले खडे दिसतीन. एका मानसाचा एक खडा.”

हाताला फोड येईपर्यंत मी मडकी भरली.

परतताना खडे मोजले. सत्तावीस. त्यात धोंडूचा नव्हता, तो ठेवायला नाक्यापर्यंत येणारं कोणी उरलंच नव्हतं. मी ठेवला. ओळीतल्या त्या दोघांचेही ठेवले.

साहेबांनी माझा तीस मृत्यूंचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, खड्यांवरून रिपोर्ट होत नसतो. ऑर्डर उठली नाही. मी न विचारता औषधाची पेटी उचलली आणि माझी खुर्ची नाक्याबाहेर बाभळीखाली नेऊन टाकली. साहेबांनी एक महिन्याचा पगार कापला.

पुढे नोकरीभर रकाना कोरा दिसला की मी आधी नाक्यावर जाऊन यायचो.