अजून एक ऊन

"उचल! अगं आधी उचल! मोडल्या तर मोडू देत, चादरीसकट उचल आणि आत पळ!"

लंडनमध्ये, हाउन्सलोच्या बसमध्ये, दांड्याला धरून, काकू फोनवर ओरडत होत्या. बाहेर धो धो पाऊस, आत काचांवर वाफ, आणि कुठेतरी आग लागली असून ही बाई तान्ही बाळं बाहेर काढायला सांगतेय, असा सगळ्या प्रवाशांचा समज. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईने माझ्या दंडाला हात लावून विचारलं, "सगळे सेफ आहेत ना, डिअर?" मी म्हटलं, "अजून सांगता येत नाही." ते खरंच होतं. ओमानच्या डोंगरात, निझवा नावाच्या गावी, काकूंच्या धाकट्या बहिणीच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि काकूंच्या फोनवर त्या गच्चीच्या नेमक्या डोक्यावर एक ढग उगवला होता.

आमच्या वरच्या फ्लॅटमधल्या या काकूंइतका हवामानाचा अभ्यास अख्ख्या इंग्लंडात कोणाचा नसेल, आणि इंग्लंडच्या हवामानाशी इतका कमी संबंधही कोणाचा नसेल. पन्नासेक वर्षं त्या इथे आहेत, त्यातली बरीचशी विमानतळावरच्या दुकानात उभ्या राहून गेली, पण हाउन्सलोत आज पाऊस आहे की बर्फ, हे त्या दार उघडेपर्यंत सांगू शकत नाहीत. एकदा फुटपाथवर घोटाभर बर्फ असताना त्या चपला घालून खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "आज बरं आहे, पंचवीस डिग्री, हवा कोरडी." त्यांच्या घरी बॉयलर तपासायला येणाऱ्या माणसालाही त्यांनी चहाबरोबर निझवाची हवा पाजली होती. पुढच्या वर्षी तो दारातच बूट काढता काढता म्हणाला, "यंदा डोंगरात ह्युमिडिटी कशी काय, लव्ह?" आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली की सेक्रेटरी पार्किंगच्या सूचना देतात आणि त्यानंतर काकू उठतात. "यंदा शरद ऋतू नेहमीपेक्षा गरम जाणार. दुपारचे ढग डोंगरावर थोडे लांबतील. ऑक्टोबर स्वच्छ. समुद्रात काही शिजलं, तर मात्र सांगता येत नाही." लोक प्रसादाच्या वाट्या हातात धरून गंभीरपणे माना हलवतात. बेसिंगस्टोकहून आलेल्या एका नव्या पोराने, घाबरत घाबरत, हे नक्की कुठल्या गावाबद्दल चाललंय असं विचारलं, तेव्हा चार जणांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षी तो मोदक घेऊन आला आणि गप्प बसला.

या सगळ्याच्या मुळाशी कुरडई आहे. लग्न होऊन आल्यावर काकूंनी पहिल्याच वर्षी इथल्या बाल्कनीत कुरडया घातल्या. त्यांच्याच सांगण्यानुसार दुसऱ्या आठवड्यात त्यांना लव आली, तिसऱ्या आठवड्यात पालवी फुटली, आणि चौथ्या आठवड्यात कौन्सिलचा माणूस येऊन बाल्कनीत काय पाळलंय म्हणून विचारून गेला. पुढे धाकटी बहीण नवऱ्याबरोबर निझवाला गेली. तो तिथे शाळेत गणित शिकवतो. भोवती उघडे डोंगर, वर कोरडं आभाळ आणि घराला सपाट गच्ची, हे कळल्यावर काकूंनी वाळवणाचं सगळं खातं तिकडे हलवलं. तेही शरदातच. "उन्हाळ्यात तिथे कुरडई वाळत नाही रे, भाजते." बहीण चीक शिजवणार, सोऱ्याने घालणार, आणि हवेची जबाबदारी काकूंची, अशी वाटणी. माल मग मस्कतहून येणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाच्या हँडबॅगेतून हीथ्रोला उतरतो.

कुरडई वाळली की नाही, हेही काकूच ठरवतात, आणि कानाने. बहीण फोनजवळ एक कुरडई धरते. काकू डोळे मिटतात. आमच्या छपरावरून विमानं इतकी खालून जातात की खिडकीतल्या माणसाचं वर्तमानपत्र वाचता यावं, त्यामुळे हा कार्यक्रम विमानांच्या मधल्या फटीत उरकावा लागतो. "थांब गं, हे एक जाऊ दे... हां, मोड." तिकडे कट्. इकडे काकू निकाल देतात. "अजून एक ऊन पाहिजे."

यंदा काकू असं म्हणाल्या आणि तिथेच घात झाला. कारण यंदाच्या कुरडया तळून खायच्या नव्हत्या. नातीचं नोव्हेंबरात लग्न होतं, आणि त्या तिच्या रुखवतात मांडायच्या होत्या. बहिणीने लग्नाला येण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. काकू नातीला म्हणाल्या, "मावशीआजी येत नाही, तर तिच्या हातचं येऊ दे." नात इथेच जन्मलेली, मराठी मोडकं, पण मोठी गुणी. ती म्हणाली, "आजी, हाय स्ट्रीटवरच्या दुकानात कुरडई रेडीमेड मिळतो ना, खूप नीट असतो." काकूंनी तिला जवळ घेतलं आणि दुकानाचा विषय संपला.

निकालाच्या वेळी एक विमान जरा लवकरच आलं होतं आणि काकूंना ते 'कट्' नीट ऐकूच आलं नाही, अशी मला शंका आहे. ती मी आजवर बोलून दाखवलेली नाही. पण ऊन अजून एक पाहिजे होतं, म्हणून बहिणीने सकाळी पुन्हा सगळं गच्चीवर पसरलं. इकडे आम्ही काकूंचं ब्लाउज शिवायला टाकायला निघालो, मी पिशव्या धरायला. बसमध्ये काकूंनी फोन उघडला, आणि अंदाज रातोरात फिरलेला.

"ताई, इथे लख्ख ऊन आहे गं," बहीण सांगत होती. स्पीकर चालू होता, सगळ्या बसला ऐकू येत होतं. "कुठे काही नाही. आता उचलल्या, तर तूच म्हणशील कच्च्या राहिल्या."

"डोंगराच्या मागे बघ!"

"डोंगराच्या मागे कशी बघू? डोंगर आहे ना मध्ये!"

मग तिकडून एकदम पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद पडला.

आम्ही पुढच्या स्टॉपला उतरलो. आडोसा चार पावलांवर होता, पण काकू तिथे गेल्याच नाहीत. उघड्यावर उभ्या राहून त्या फोन लावत राहिल्या. छत्री अर्थातच घरी, कारण निघताना निझवात ऊन होतं. मी माझी छत्री त्यांच्यावर धरायचो आणि त्या दुसऱ्या दिशेला वळायच्या. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"ताई, गेल्या," बहीण म्हणाली. "सगळा लगदा झाला."

मला वाटलं, आता बहिणीची धडगत नाही. मग काकूंनी विचारलं, "तू गच्चीवर गेलीस की काय?"

"मग? वाळवण काढायला कोण जाणार?"

"भिजलीस?"

"हो."

"केस पूस आधी," काकू म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या वेणीतून पाणी पाठीवर ओघळत होतं. मी पाहिलं, आणि पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

बहिणीने तो लगदा टाकून दिला नाही. आभाळ निवळल्यावर तिने तो पुन्हा पसरला, पुन्हा वाळवला आणि कोणाच्या तरी बॅगेतून पाठवून दिला. मी डबा उघडलेला पाहिला आहे. त्यात कुरडई नावाला नव्हती. पिवळट पोपडे होते, जुन्या भिंतीचे निघतात तसले. माझ्या बायकोने शहाणपणा करून हाय स्ट्रीटवरून चांगल्या गोल, पांढऱ्याशुभ्र कुरडया आणून दिल्या. काकूंनी तिचे आभार मानले, त्याच संध्याकाळी त्या तळल्या आणि आम्हालाच खायला घातल्या.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये रुखवताचं टेबल बघण्यासारखं सजलं होतं. लाडवांचे मनोरे, साखरेची तुळस, लोकरीची बदकं. आणि मधोमध, चांदीच्या ताटात, जाळीदार रुमालावर, ते पोपडे. नातीने शेजारी दोन पणत्या ठेवल्या होत्या. बायका यायच्या, फोटो काढायच्या आणि मधोमध आल्यावर फोन जरा खाली करायच्या. शेवटी नवऱ्यामुलाची आत्या काकूंजवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, हे चुकून राहिलंय का इथे? मी आत नेऊन ठेवू?"

काकूंनी ताट थोडं सरळ केलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बहिणीकडे पाऊस झाला."