इब्रीतली साक्ष

माझा नवरा इथे आखातात, रुवीत एका दुकानाचं स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळतो, आणि शुक्रवारी दुपारी आम्हा चाळीसेक मराठी ख्रिस्ती लोकांचा पाळक असतो. बिनपगारी. मलयाळी मंडळी आटपून गेली की दोन तास चर्चचा हॉल आमचा. बाकीचे पाळक थोडं इकडेतिकडे चालवून घेतात, ह्यांचं तसं नाही. घरात टीव्ही नाही, पत्ते नाहीत. पाप केलेल्याने सगळ्यांसमोर उभं राहून कबुली दिल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर नाही. लग्नाच्या वेळी वाटलं होतं, वयाबरोबर नरम पडतील. कसले पडतायत.

तीन तासांवरच्या इब्रीहून एक वेल्डर यायचा, नगरकडचा, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. कामगारांच्या कॅम्पात एकदा दारू प्यायला आणि आपण होऊन ह्यांना सांगून बसला. ह्यांनी त्याला मंडळीसमोर उभं केलं. तो रडत रडत बोलला, त्याला भाकर मिळाली, सगळ्यांनी हात मिळवले. पंधरा दिवसांत ते कुणाच्या तरी तोंडून त्याच्या कंपनीत पोचलं. कॅम्पात प्यायला की थेट घरचं तिकीट, असा तिथला नियम. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, मुलगी नर्सिंगला. त्याने साक्षीला ह्यांचं नाव सांगितलं. अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, म्हणाला, तुमचा धर्मगुरू समोर येऊन सांगेल ते मी मानेन.

इब्रीपर्यंत सगळा रस्ता मी विनवण्या केल्या. नुसतं म्हणा, मला ठाऊक नाही. ह्यांनी गाडी तशीच पुढे दामटली. खरं सांगते, त्या दिवशी मला ह्यांचा तिरस्कार वाटला.

वेल्डरला बाहेर बसवलं होतं. आमच्यापुढे कहवा आला, खजूर आले. मग अर्बाबने हिंदीत सरळ विचारलं, तो प्यायला होता का. ह्यांनी तोंड उघडलं आणि मला कळलं, हे आता हो म्हणणार. मी आधी बोलले.

"नाही. देवाशपथ नाही."

अर्बाबने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. "खलास," म्हणून त्याने वेल्डरला घरी पाठवायचा कागद फाडला. वेल्डरला एवढंच कळलं, की नोकरी राहिली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ह्यांनी भाकरीची थाळी माझ्यापुढे धरलीच नाही. मी खोटी शपथ खाल्ली होती. चौदाव्या वर्षी दृढीकरण होऊन पहिली भाकर मिळाली, तेव्हापासून मी एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. उभं राहून कबुली द्यावी, तर ती पुन्हा इब्रीला पोचणार. ह्याला सहा महिने झाले. भाजी चिरताना प्रार्थना सुरू करते आणि शब्दच येत नाहीत. अशीच मरेन, ही भीती छातीवरून हलत नाही.

एकदा मी ह्यांच्यावर ओरडले. तुम्हीही मान खाली घातलीत, मग तुमच्या कबुलीचं काय? हे हळूच म्हणाले, "मी तरी कुठे घेतोय?" सगळ्यांना वाटून हे स्वतः रिकाम्या हाताने बसत होते आणि माझ्या रागात मी ते पाहिलंही नव्हतं. आम्ही दोघंही त्याच खड्ड्यात होतो आणि वर काढणारं कुणी नव्हतं.

परवाच्या शुक्रवारी उपासना संपल्यावर वेल्डर माझ्याजवळ येऊन बसला. मुलीची शेवटची परीक्षा झाली म्हणाला. मग आवाज खाली केला.

"बाई, लई दिवस बघतोय, तुम्ही भाकर घेत नाही. काय असंल ते उभं राहून सांगून टाका. मी सांगितलं तेव्हा मला लई हलकं वाटलं होतं."