ताउनोची दबक्या आवाजाची काडतुसं

ताउनो रैसानेनसारखा हट्टी म्हातारा अख्ख्या कुह्मो भागात शोधून सापडला नसता. पण कमी वेगाची, दबक्या आवाजाची काडतुसं भरावीत तर त्यानंच. बार काढला की मांजर शिंकल्याएवढा आवाज. पलीकडच्या सशाला पत्ताही लागत नसे.

अशा काडतुसात बंदुकीची दारू चिमूटभरच, मोठ्या पुंगळीच्या पार तळाशी. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी रिकामीच वाटते, आणि दुप्पट दारूनं बंदूकच फुटते. म्हणून त्याचा नियम होता: दारूचा डबा उघडा असेतो दाराला कडी. मध्येच कुणी टोकलं, तर भरलेल्या सगळ्या पुंगळ्या डब्यात ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या दिवशी आर्मास, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, खिडकीवर थापा मारत आला.

"उघड की लेका! आत नवरी लपवलीयस का?"

"काम चाललंय. चालता हो!"

"माझ्यासाठीच भरतोयस ना? मग मालक आलाय समज."

ताउनोला हसू फुटलं. त्यानं कडी काढली. दोघांनी पोटभर गप्पा हाणल्या आणि आर्मास गेला. ताउनो पुन्हा बसला, तर हातातल्या पुंगळीत दारू घातली होती की नाही, हेच आठवेना. सगळं ओतायला हवं होतं. पण कंटाळा आला, शिवाय आपला हात चुकत नाही ही घमेंड. त्यानं दारू घातली आणि वर गोळी बसवली. कसली दुर्बुद्धी ही!

त्याच आठवड्यात ताउनोनं दिलेलं काडतूस उडवताना आर्मासची रायफल चेहऱ्याजवळच फुटली. उजवा डोळा कायमचा गेला.

चौकशीला आलेल्या पोलिसाला आर्मास म्हणाला, "नळीत बर्फ गेला असणार. माझाच हलगर्जीपणा." ताउनो शेजारीच उभा होता. तोंड उघडायचं सोडून तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. निघताना त्यानं उरलेल्या काडतुसांची डबी गुपचूप खिशात घातली.

नंतर कितीतरी हिवाळे तो आर्मासची लाकडं फोडत राहिला, मासे नेऊन देत राहिला. शब्द ओठांवर यायचे आणि परत गिळले जायचे.

शेवटी एकदा आर्मासची बायको हेल्वी वेलदोड्याचे पाव भाजत असताना तो बोलून गेला, "आर्मास, बर्फ नव्हता रे. दारू मीच दोनदा भरली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"डबी उचललीस तेव्हापासून. तुझा बंदुकीचा परवाना जाऊ नये म्हणून खोटं बोललो. वाटलं, संध्याकाळपर्यंत येऊन सांगशील."

"मग शिव्या तरी घालायच्यास!"

"घालणार होतो. तू सांगितलं असतंस तर." आर्मास शांतपणे म्हणाला. "आता रागही येत नाही. उद्यापासून लाकडांना यायचे कष्ट घेऊ नकोस. माणूस लावलाय."

ताउनोनं टोपी उचलली. हेल्वीनं चार पाव कागदात बांधून त्याच्या हातात ठेवले, परक्या पाहुण्याला देतात तसे.